दाढी मुदतीपूर्वी मोडू नये

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचे आहे त्यांना पुढची पाने उलटण्याचे कष्ट नकोत. दाढी वाढवावी की रोज घोटावी हा ज्याच्या त्याच्या हनुवटीचा प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. पण एकदा वाढवायची ठरली की पहिला सव्वा महिना तिला कोणीही हात लावता कामा नये. न्हाव्याने नाही, बायकोने नाही, त्या भुंग्यासारख्या गुणगुणणाऱ्या ट्रिमरने नाही आणि खुद्द दाढीच्या मालकाने तर मुळीच नाही. आपल्याकडे बाळंतिणीलासुद्धा सव्वा महिना कोणी उंबऱ्याबाहेर काढत नाही. दाढीला मात्र आठव्या दिवशी आरशासमोर उभी करून तिची उलटतपासणी सुरू होते. 'जरा आकार देऊ' या तीन शब्दांनी आजवर जेवढ्या दाढ्या अकाली गेल्या, तेवढ्या सगळ्या ब्लेडच्या कारखान्यांनी मिळून घालवल्या नसतील.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून, आणि नेमणूक कसाऱ्याला. या तिन्ही गोष्टींचा दाढीशी संबंध आहे. वाणिज्य शाखेमुळे मला कळते की ठेव मुदतीपूर्वी मोडली तर व्याज कापले जाते. कारकुनीमुळे रोज शे-दीडशे चेहरे फोटोशी ताडून पाहावे लागतात. आणि कसाऱ्यामुळे वेळ मिळतो. मुंबईहून १२१ किलोमीटरवर लोकल इथे संपते, पुढे घाट. डब्यात झोप लागली तरी कोणाचे स्टेशन चुकत नाही. पहाटे घोटून निघालेल्या माणसाची हनुवटी कसाऱ्याला उतरेपर्यंत पुन्हा खरखरीत लागते, इतका हा प्रवास मोठा. दाढी वाढवण्याचा विचार माझ्या मनात याच गाडीत आला असावा.

तर गेल्या वर्षी मे महिन्यात मी दाढी करणे थांबवले.

आता आपल्या मराठी मध्यमवर्गीय घरात दाढी आपणहून वाढत नसते. तिच्यामागे काहीतरी घडलेले असावे लागते. श्रावणात वाढली तर पुण्य, मे महिन्यात वाढली तर संशय. तिसऱ्या दिवशी आईने कपाळाला हात लावून पाहिला. पाचव्या दिवशी सौ.ने 'ऑफिसात काही झालंय का?' असे अशा आवाजात विचारले, की मी अफरातफर केली असती तर लगेच कबूल करून मोकळा झालो असतो. सातव्या दिवशी काउंटरवर पाड्यावरची एक आजी पैसे काढायला आली. तिने स्लिपवर अंगठा उठवला, माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिले आणि हळूच विचारले, "घरात कुनी गेलं का रं बाबा?" मी म्हटले, "नाही आजी, सगळे आहेत." तिला ते पटले नाही. तिने पिशवीतून करवंदांचा पानाचा द्रोण काढला आणि काचेखालच्या फटीतून आत सरकवला. सुतकातल्या माणसाचे सांत्वन करून ती निघून गेली. करवंदे गोड होती.

दहाव्या दिवसापर्यंत सुतकाचा संशय संपतो आणि प्रेमभंगाचा सुरू होतो. चाळिशी उलटलेल्या, दोन मुलांच्या बापाला प्रेमभंग परवडतो का, यावर दुपारच्या डब्याच्या वेळी आमच्या शाखेत साधकबाधक चर्चा झाली. 'या पगारात नाही' असा निर्णय बहुमताने झाला. त्यानंतर राजकारण आले. आमच्या ठाणे जिल्ह्यात दाढीला तोही एक अर्थ आहे. आनंद दिघे २००१ साली गेले, पण त्यांची दाढी अजून नाक्यानाक्यावरच्या फलकांवर आहे. २०२२ साली ठाण्याचेच दाढीवाले एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले, तेव्हापासून तर कोणाच्या हनुवटीवर चार केस दिसले की लोक विचारतात, "कोणत्या गटात?" मी सांगतो, कारकुनांच्या. आमच्यातही संघटना दोन आहेत, पण त्या दाढीवरून फुटलेल्या नाहीत.

गंमत बघा. दाढीचे आपल्याला वावडे आहे असेही नाही. महर्षी कर्व्यांची पांढरीशुभ्र दाढी आपल्याला पूज्य आहे. विनोबांच्या दाढीला आपण हात जोडतो. शिवाजी महाराजांची दाढी तर आजच्या प्रत्येक तरुणाला हवी आहे. पण या सगळ्या दाढ्या आपल्यापर्यंत आल्या त्या पूर्ण होऊन आल्या. पंधराव्या दिवशी कर्वे कसे दिसत होते ते आपण पाहिलेले नाही. पाहिले असते तर आपल्यातल्याच कोणीतरी त्यांना म्हटले असते, "अण्णा, जरा आकार द्या." झालेली दाढी समाजाला चालते. होत असलेली चालत नाही. माझे भांडण आहे ते या गोष्टीशी.

सोळाव्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावले. साहेब माणूस सज्जन आहे. स्वतः रोज सकाळी इतकी गुळगुळीत दाढी करतात, की गालावर माशी बसली तर घसरावी. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "काय हो, हे ठेवताय की राहिलंय?"

"ठेवतोय, साहेब."

"मग तसं दिसू द्या ना."

या एका वाक्यात शत्रुपक्षाचे सगळे तत्त्वज्ञान आले. वाढलेले केस हा आळस की इरादा, हे लोकांना लांबून कळले पाहिजे. म्हणून गालावर वस्तऱ्याने एक सरळ रेघ ओढायची आणि गळ्यावर दुसरी. रेघ दिसली की समोरच्याचा जीव भांड्यात पडतो: हा माणूस आजारी नाही, कफल्लक नाही, त्याने हे मुद्दाम केले आहे. म्हणजे ती रेघ दाढीसाठी नसतेच, ती साहेबांसाठी असते. चेकवर जशी सही, तशी गालावर रेघ. आणि त्या सहीपायी दाढीचा जीव जातो.

साहेबांना मी त्या दिवशी काही बोललो नाही, पण इथे सांगतो. ज्या इंग्रजांनी आपल्याला ऑफिस आणि ऑफिसातला साहेब दिला, त्यांनासुद्धा ही गोष्ट कळते. ब्रिटिश आरमाराने १८६९ साली खलाशांना दाढीची परवानगी दिली ती अशी, की ठेवायची तर दाढी आणि मिशा दोन्ही ठेवायच्या, अर्धवट काही चालणार नाही. त्यासाठी खलाशाने वरिष्ठांकडे अर्ज करायचा. आणि तो अर्ज दाढी ठेवण्याचा नसतो, दाढी करणे थांबवण्याचा असतो! एका कारकुनाच्या नात्याने या शब्दरचनेपुढे मी नतमस्तक आहे. अर्ज मंजूर झाला की काही दिवस खलाशाच्या तोंडाकडे कोणी पाहायचे नाही, आणि मुदत संपली की मगच बघायचे, जमतेय की नाही. २०२४ साली ब्रिटिश लष्करानेही सैनिकांना दाढीची मुभा दिली. ती कमीत कमी २.५ आणि जास्तीत जास्त २५.५ मिलिमीटर. आमच्या व्याजदरांनाही इतके काटेकोर दशांश नसतात. ठिगळाठिगळांची दाढी त्यांनाही नको आहे. पण ठिगळे भरून यायला दिवस लागतात, हे त्यांना मान्य आहे.

आपल्याकडे काय होते ते सांगतो. दुसऱ्या आठवड्यात माणूस टोमण्यांना कंटाळतो आणि संध्याकाळी घरी जाताना कल्याणच्या एखाद्या वातानुकूलित सलूनमध्ये शिरतो. तिथे भिंतीवर बारा दाढ्यांचा तक्ता. एक मुलगा विचारतो, "सेट करून देऊ का, सर?" सर मान डोलावतात. मग उजव्या गालावर रेघ ओढली जाते. ती केसभर खाली येते. म्हणून डावी खाली आणायची. ती जरा जास्तच खाली येते. म्हणून पुन्हा उजवी. दोन मांजरांना लोणी वाटून देणाऱ्या माकडाची गोष्ट आपण मुलांना सांगतो, पण स्वतः खुर्चीत बसलो की ती आठवत नाही. तराजूची पारडी अशी वरखाली होता होता दोन्ही गाल मोकळे होतात, कल्ले जातात आणि शेवटी हनुवटीवर मूठभर काहीतरी उरते. त्याला फ्रेंच कट म्हणतात. आपल्याकडच्या निम्म्या फ्रेंच कटांचा फ्रान्सशी काडीचा संबंध नाही. दोन बाजूंचा ताळमेळ बसवताना उरलेली ती शिल्लक आहे.

त्याहून वाईट गळ्यावरची रेघ. ती ओढताना हमखास जबड्याच्या हाडावर ओढतात. नुसती वाढ दिसत असताना ती तिथे शोभते, म्हणजे तसे वाटते. महिन्याने मात्र लक्षात येते की दाढीला खालून आधारच राहिलेला नाही. हाडाच्या खालचे केस हा दाढीचा पाया. पाया उडवून भिंत बांधली की हनुवटीखाली दोन हनुवट्या दिसू लागतात, आणि माणूस म्हणतो, "मला दाढी शोभत नाही." अहो, तुम्हाला ती शोभायला वेळ कुठे दिलात?

दुसरा एक पक्ष सल्ला देणाऱ्या काकांचा. 'पाचसहा वेळा तुळतुळीत करून टाक, म्हणजे दाट येईल,' असे सांगणारा एक काका प्रत्येक घराण्यात असतो, आणि बहुधा त्याच्या स्वतःच्या डोक्यावर केस नसतात. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी हा प्रश्न १९२८ सालीच निकालात काढला. त्यांनी पुरुषांचे केस घोटून मोजून पाहिले: घोटल्याने केस जाड होत नाही, काळा होत नाही, लवकरही येत नाही. वाढणारा केस टोकाला निमुळता असतो. ब्लेडने ते टोक उडते आणि उरलेले थोटूक बोटाला खरखरीत लागते, एवढेच. शंभर वर्षे होत आली, तरी हा निकाल काकांपर्यंत पोहोचलेला नाही. काकांच्या पत्त्यावर सगळ्याच गोष्टी उशिरा पोहोचतात.

खरा हिशेब सरळ आहे. दाढी दिवसाला मिलिमीटरचा सुमारे तिसरा हिस्सा वाढते, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. आवर्ती ठेवच म्हणा. पण चेहऱ्यावरच्या सगळ्या शाखा सारखे काम करत नाहीत. हनुवटी आणि मिशी ही मुख्य कचेरी, तिथे गर्दी. गाल म्हणजे आडवळणाची शाखा. तिथे केस विरळ आणि सावकाश. पहिल्या पंधरा दिवसांत गाल रिकामे दिसतात ते खरेच आहे. पण तिथे नवे केस उगवायला हवेत असे नाही, शेजारचे केस लांब व्हायला हवेत. कडेचे केस वाढून आडवे पडले की मधली ठिगळे आपोआप झाकली जातात. आणि नेमके हेच कडेचे केस रेघवाले पहिल्यांदा कापतात. पावसाळ्याच्या तोंडावर छपराची कौले काढावीत, तसे.

पहिला आठवडा सोपा असतो, माणूस सुट्टीवर आहे असे वाटते. सव्वा महिन्यानंतरचेही सोपे, दाढी दाढीसारखी दिसते. मधला काळ म्हणजे घाट. कसाऱ्याच्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. कसारा ते इगतपुरी ही चढण ३७ फुटांना १ फूट आहे. मुंबईहून येणाऱ्या मेलगाड्या इथे थांबतात, मागून जादा इंजिने लागतात आणि ती ढकलत ढकलत गाडीला वर पोहोचवतात. रेल्वेच्या भाषेत या इंजिनांना 'बँकर' म्हणतात. आमच्या गावात म्हणून बँकर दोन प्रकारचे, एक रुळावरचे आणि एक काउंटरमागचे. पहिल्या प्रकारच्या बँकरांना गावात जास्त मान आहे, कारण ते निदान गाडी पुढे सरकवतात. २०२३ पासून धावणारी मुंबई–शिर्डी वंदे भारत म्हणे मागच्या इंजिनाशिवाय चढते. असतात काही चेहरे तसे. विशीतच हनुवटीपासून कानापर्यंत गच्च रान. आपल्यासारख्या पॅसेंजर चेहऱ्यांना मात्र दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात मागून कोणीतरी ढकलणारे लागते.

तिसऱ्या आठवड्यात खाज सुटते. ती अशी सुटते की नोटा मोजताना माणूस आकडा विसरतो. पूर्वी ब्लेडने कापलेली टोके वळून कातडीला टोचतात आणि खालची कातडी कोरडी पडलेली असते, हे तिचे कारण. उपाय साधा आहे. रोज साध्या पाण्याने धुवावी, टिपून घ्यावी आणि बोटाच्या पेरावर खोबरेल घेऊन केसांना नव्हे, मुळांना चोळावे. 'बिअर्ड ऑइल' नावाची इवलीशी बाटली मिळते, तिच्या किमतीत घरातल्या सगळ्यांचे डोके वर्षभर चोपडून होईल. तिच्यावर लाकूडतोड्यासारखा एक गोरा माणूस छापलेला असतो. त्याला कोणी खोबरेल तेल दिले नाही, हा त्याचा प्रश्न.

माझा बँकर निघाला स्टेशनाबाहेरचा न्हावी. सगळे त्यांना मामा म्हणतात. दुकान म्हणजे एक खुर्ची, एक बाकडे, आणि आरशावर दोन तसबिरी: संत सेना महाराज आणि शिवाजी महाराज. साहेबांनी 'तसं दिसू द्या' म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिकडे गेलो, ते मामांचे मत घ्यायला. मामांनी टॉवेल गुंडाळला, कात्री उचलली, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवले, अंगठ्याने गालावरचे केस उलटे चोळले आणि कात्री पुन्हा पेल्यात ठेवून दिली.

"आत्ता नाय," ते म्हणाले. "पाऊस लागू दे, मग या."

"बरं. किती झाले मामा?"

"कशाचे? बघायचे?"

मी बाहेर पडलो आणि घाटाकडे बघत उभा राहिलो. बँकेत आम्ही गिऱ्हाईकाला 'ठेव मोडू नका' म्हणतो, त्यात निदान बँकेचा फायदा असतो. मामांचे यात नुकसानच होते. दर आठवड्याला गाल कोरून घ्यायला तयार असलेले नोकरदार गिऱ्हाईक त्यांनी महिनाभरासाठी परत पाठवले. तक्तावाल्या सलूनमध्ये असे कोणी करीत नाही, आणि त्या मुलाला तरी दोष कसा द्यावा? त्याला दिवसाकाठी अमुक माणसे उरकायची असतात. हात चालवण्याचे त्याला पैसे मिळतात, हात आवरण्याचे नाहीत.

हात आवरणे ही या कारागिरांची जुनी ताकद आहे, आणि ती आपण विसरलो आहोत. १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने ठरवले, की विधवांचे केशवपन करणार नाही. तो त्यांचा धंदा होता, त्यातून त्यांना चार पैसे मिळत होते. शिकलेसवरलेले पुरुष या विषयावर व्याख्याने देत होते आणि घरी जाऊन मूग गिळत होते. संप केला तो वस्तऱ्यावर पोट असलेल्यांनी. त्याच्याही पूर्वी, १६६० साली, पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले तेव्हा त्यांचा वेष घेऊन दुसऱ्या पालखीत बसला तो शिवा काशीद, तोही नाभिकच. मी रोज काउंटरवर फोटो आणि चेहरा ताडतो, म्हणून मला त्या प्रसंगाचा अर्थ थोडा जास्त कळतो. सिद्दी जौहरच्या छावणीने चेहरा पाहिला, दाढी पाहिली आणि ओळख पटली म्हणून समाधान मानले. खरे काय ते कळेपर्यंत महाराज विशाळगडाच्या वाटेला लागले होते, आणि शिवाने त्याची किंमत स्वतःच्या जिवाने मोजली. आज महाराजांसारखी दाढी कोरून घेणाऱ्या पोरांनी खुर्चीत बसताना समोरच्या कारागिराला 'ए, लवकर आवर' म्हणू नये, एवढे मला वाटते. आणि अहोजाहो करावे.

पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागला. घाट धुक्यात गेला, गाड्या उशिरा धावू लागल्या आणि मी मामांकडे गेलो. कामाला दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत. वाढू दिलेल्या दाढीला आकार द्यायचा नसतोच, तिचा असलेला आकार फक्त मोकळा करायचा असतो, हे मला त्या खुर्चीत कळले. गळ्यावर कंठमण्याच्या दोन बोटे वर, तिथून कानामागे जाणारी गोलाई. त्याच्या खालचे काढायचे, वरच्याला हात नाही. गालावर रेघ नाहीच; भटके केस तेवढे कात्रीच्या टोकाने वेचायचे. गोल चेहरा असेल तर बाजू आखूड, खाली लांब. चेहरा लांबोडा असेल तर उलट. आणि दाढी कोरडी असतानाच कापायची. ओला केस लांब दिसतो, माणूस हावरटपणे कापतो आणि वाळल्यावर रडतो. मिशी मात्र मी पहिल्या महिन्यातही ओठावरून छाटू देईन. नियमाला एवढा अपवाद हवाच, कारण आमटी आणि चहा सव्वा महिना थांबू शकत नाहीत.

शेवटी उरतो तो आक्षेप स्वच्छतेचा. 'कसं घाणेरडं दिसतं!' असे म्हणणारे बहुतेक जण मुंबईत किंवा कल्याण-डोंबिवलीत राहणारे निघाले, हा योगायोग नसावा. भातसा आणि तानसा ही धरणे आमच्या शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. आणि दर उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर, कसाऱ्याच्या आसपासच्या डोंगरांत, बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. मे महिन्यात आमच्या काउंटरसमोरच्या रांगेत खात्यातल्या शिलकीपेक्षा टँकरच्या वेळेची चौकशी जास्त असते. मला करवंदे देणारी आजी त्या दिवशी अर्धा तास आधीच आली होती, कारण अकराला टँकर यायचा होता. तिकडे मुंबईत एखादे गृहस्थ बेसिनचा नळ वाहता ठेवून पाच मिनिटे गाल फुगवून आरशात बघत उभे असतात आणि मग येऊन मला स्वच्छता शिकवतात. घोटा की, खुशाल घोटा. पण नळ बंद करून घोटा. ते आमचे पाणी आहे.

आता लढाई घरात आहे. धाकट्याला एकोणिसावे लागले आहे. हनुवटीवर बरे, गालावर मधूनमधून, असे त्याचे पीकपाणी. दोन महिन्यांत त्याने तीनदा रेघ मारून घेतली आणि तिन्ही वेळा फ्रेंच कटावर उतरला. त्याला मी सांगितले, की दाढी पंचविशी-तिशीपर्यंत भरत राहते, घाई करू नकोस. तो म्हणाला, "बाबा, शनिवारी ट्रेकचा फोटो आहे." त्याची आजीही त्याच्याच बाजूची. तिच्या मते दोघांनीही एकदा स्वच्छ करून टाकावी आणि विषय संपवावा.

म्हणून मी त्याचा ट्रिमर उचलून बँकेतल्या आमच्या लॉकरमध्ये ठेवून आलो आहे, आईच्या पाटल्या आणि घराच्या कागदपत्रांशेजारी. ट्रिमर मौल्यवान वस्तूंत मोडतो की नाही, हे मी नियमात शोधले नाही. लॉकर उघडायला दोन चाव्या लागतात. एक माझ्या जानव्याला आहे, दुसरी साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. धाकटा काल दुपारी बारा वाजताच्या लोकलने कसाऱ्याला येऊन साहेबांना भेटून गेला, असे शिपाई सांगत होता.